नेटच्या पलीकडून

क्लबातल्या मेंबरांबरोबर टेनिस खेळण्यासाठी पगारावर ठेवलेल्या माणसाला मार्कर म्हणतात. पुण्यातल्या एका जुन्या क्लबात मी हे काम करतो. वडील तिथेच माळी होते. शाळेत असताना बॉल बॉय म्हणून चेंडू उचलायला लागलो, मेंबरांनी टाकून दिलेल्या रॅकेटने दुपारी भिंतीवर खेळायला लागलो आणि पुढे त्याच कोर्टवर नोकरी मिळाली. मधे एआयटीएचा, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेचा, प्रशिक्षकांचा कोर्स केला, आता मुलांची बॅचही घेतो. पण सकाळचे पहिले दोन तास अजून मेंबरांचेच असतात. त्यांच्यातल्या बहुतेकांचा खेळ मधल्या पातळीचा आहे. नियम येतात, पकडी येतात, नॉकिंगमध्ये, म्हणजे गुण न मोजता नुसते फटके मारताना, लांबलचक रॅली होते, फोरहँड बघणाऱ्याला आवडावा असा असतो. मॅच सुरू झाली की तोच फोरहँड नेटमध्ये जातो. या जागेवर माणसं वर्षानुवर्षं थांबलेली मी पाहिली आहेत. थोडी जणं तिथून पुढेही गेली. ती कशी गेली, हे मला समोरून जसं दिसलं तसं सांगतो.

मार्करला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवली जाते: मेंबरला खेळ लागला पाहिजे. चेंडू कमरेच्या उंचीला, फोरहँडच्या बाजूला, एका पावलावर आणि दर वेळी त्याच वेगाने द्यायचा. त्यांनी कसाही मारला तरी पळून गाठायचा आणि परत तिथेच नेऊन ठेवायचा. हे सोपं नाही. हात बसायला काही वर्षं जातात, आणि मला हे काम मनापासून आवडतं. एखादे साहेब ऑफिसच्या कटकटीने वैतागून आलेले असतात; पंधरा मिनिटं मनासारखे फटके बसले की त्यांचा चेहरा बदलतो, हे मी रोज बघतो.

पण अशा नॉकिंगने खेळ सुधारतो, हे मला कधी पटलं नाही. त्या रॅलीतलं निम्मं काम मी करत असतो. चेंडू कुठे येणार हे ओळखणं, तिथे वेळेवर पोचणं, टप्प्यापासून अंतर जुळवणं ही मेंबरच्या वाटची कामं चांगला मार्कर आपणच उरकून टाकतो आणि त्यांच्यासाठी फक्त फटका शिल्लक ठेवतो. मग रविवारी चौकडी जमते. समोर दुसरा मेंबर असतो. त्याचा एक चेंडू गुडघ्याला येतो, पुढचा खांद्याला, तिसरा फ्रेमला लागून मरतो. इथे कुणी कुणासाठी काही उरकून ठेवत नाही.

चेंडू आणि गट, म्हणजे रॅकेटच्या तारा, यांची गाठ किती वेळ पडते? सुमारे पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. तासाभरात कुणी ३०० चेंडू मारले असं धरलं, तर सगळे मिळून दीड सेकंद झाला. उरलेली जवळजवळ ६० मिनिटं चेंडू आपल्या रॅकेटवर नसतो. मधल्या पातळीवरचा खेळाडू मात्र त्या दीड सेकंदाचाच विचार करत राहतो. मनगट कसं होतं, रॅकेट कुठे जाऊन थांबली, यूट्यूबवर जोकोविचचा कोपर कसा दिसतो. फटक्यात दोष असेल तर तो काढावाच लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण चाळिशी-पन्नाशीतल्या खेळाडूचा जो फटका बिघडलेला वाटतो, तो बहुतेक वेळा उशिरा पोचलेला चांगला फटका असतो. मी ज्यांचा खेळ सुधारताना पाहिला, तो त्या उरलेल्या वेळात सुधारला.

हे मला नीट उमगलं ते एका दंतवैद्य मॅडममुळे. कॉलेजात खेळलेल्या, मग मुलं आणि दवाखाना यांत बराच खंड पडलेला, चाळिशीनंतर पुन्हा रॅकेट हातात घेतलेली. क्लबच्या स्पर्धेत दर वर्षी पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरायच्या, तेही अशांकडून, ज्यांच्यापुढे नॉकिंगमध्ये मॅडम उघड सरस दिसाव्यात. माझ्याकडे यायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “दादा, तुमच्याशी खेळताना मी इतकी चुकत नाही. मग मॅचमध्ये काय होतं?”

मी म्हटलं, “मॅडम, माझे चेंडू सोपे असतात.”

“मग अवघड द्या ना!”

अवघड म्हणजे काय, हे आधी मला ठरवावं लागलं. जोरात आलेला चेंडू मधल्या खेळाडूला उलट बरा पडतो. वेग आयता मिळतो, रॅकेट नुसती आडवी धरली तरी परत जातो. त्यांना छळणारे चेंडू निराळेच होते. सर्व्हिस लाइनच्या आत पडून न उठणारा. बॅकहँडच्या खांद्यावर येणारा उंच, संथ. थेट अंगावर येणारा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोर्टच्या मध्यावर अलगद बसलेला, ज्याच्यावर विचार करायला नको इतका वेळ मिळतो. मी बास्केटमध्ये मुद्दाम दम गेलेले चेंडू मिसळले. नियमाप्रमाणे चेंडू १०० इंचांवरून सोडला तर ५३ ते ५८ इंच उसळावा लागतो. माझ्याकडचे काही जेमतेम गुडघ्यापर्यंत यायचे. कुठला चेंडू येणार आणि कुठे येणार, दोन्ही त्यांना ठाऊक नसायचं. सुरुवातीला खेळ फार वाईट दिसला. शेजारच्या कोर्टवरच्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलंही, “अरे, बाईंना का छळतोयस?” मॅडम मात्र त्या घामाघूम गोंधळात खूश होत्या. आपली अडचण नेमकी कुठे आहे, हे त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.

अडचण हातात नव्हती. चेंडूचा टप्पा पडेपर्यंत त्यांचे खांदे समोरच असायचे. टप्पा पडला की घाईने रॅकेट मागे, आणि चेंडू कमरेच्या मागे गेल्यावर फटका. “रॅकेट लवकर मागे घ्या” हे त्यांना आयुष्यभर प्रत्येक प्रशिक्षकाने सांगितलं होतं. मीही सांगून पाहिलं. चार चेंडू जमायचं, पाचव्याला विसरायच्या.

टिमथी गॅलवे यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे १९७४ सालचं पुस्तक एका वकील मेंबरांनी मला खेळ झाल्यावर चहाबरोबर थोडं थोडं वाचून, मराठीत समजावून सांगितलं होतं. त्यात एक सराव आहे. चेंडूचा टप्पा पडला की मोठ्याने ‘बाउन्स’ म्हणायचं, रॅकेटला लागला की ‘हिट’. मॅडमना मी ‘टप्पा’ आणि ‘फटका’ म्हणायला सांगितलं आणि माझ्या पदरचा एक शब्द आधी जोडला: माझ्या रॅकेटवरून चेंडू सुटला की ‘निघाला’. पहिल्या दिवशी ‘टप्पा’ आणि ‘फटका’ ठीक आले. ‘निघाला’ मात्र सारखा उशिरा येत होता, कधी कधी चेंडू नेट ओलांडून आल्यावर. म्हणजे आपण मारलेला चेंडू आत पडतो की बाहेर, हे त्या बघत बसायच्या, आणि तो परत यायला निघाला की मग जाग्या व्हायच्या. तो एक शब्द वेळेवर यायला लागला तसे खांदे आपसूक लवकर वळायला लागले. त्याबद्दल मला वेगळं बोलावंच लागलं नाही. डोक्यातली बडबड थांबावी म्हणून गॅलवे हा सराव देतात आणि ती थांबतेही. मला त्याचा आणखी एक उपयोग होतो. खेळाडूचं लक्ष कुठल्या क्षणी सुटतं, ते मला पलीकडे उभं राहून ऐकू येतं.

मग पाय. पुण्यात २०१८ पासून काही वर्षं बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी स्पर्धा झाली. जमेल तेव्हा मी जायचो आणि सेंटर कोर्ट सोडून सरावाच्या कोर्टांपाशी उभा राहायचो. तिथे हे खेळाडू हातभर अंतरावरून दिसतात. बरोबर आलेली मुलं फोरहँडचा आवाज ऐकून थक्क व्हायची. मी त्यांना म्हणायचो, बुटांकडे बघा. समोरचा चेंडूवर रॅकेट नेतो तेव्हा हे लोक बारीकशी उडी घेतात आणि त्याचा फटका बसतो त्याच सुमारास चवड्यांवर उतरतात. स्प्लिट स्टेप म्हणतात तिला. गप्पा मारत अर्ध्या जोराने नॉक करतानाही ती उडी सुटत नव्हती. उतरताना पोटऱ्या आणि मांड्या ताणल्या जातात आणि तो ताण लगेच हव्या त्या बाजूला झेपावायला कामी येतो. टाचा टेकून उभ्या असलेल्या माणसाला आधी वजन हलवावं लागतं, मग पाऊल टाकता येतं. तेवढ्यात चेंडू गेलेला असतो.

साठीकडे झुकलेले मेंबर म्हणतात, अरे, या गुडघ्यांनी उड्या कुठल्या मारू? त्यांना मी सांगतो की इंचभर पुरते. टाच उचलली आणि गुडघा सैल झाला तरी काम होतं. आणि रोहन बोपण्णांची आठवण देतो. त्यांच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली होती. आपल्या पुण्यातल्या अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीच्या योगासनांनी दुखणं आटोक्यात आलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. २०१९ मध्ये त्यांनी दिविज शरणबरोबर बालेवाडीतली दुहेरी जिंकली, आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन. त्याच सुमारास दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचले. त्यांची सर्व्हिस आपल्याला येणार नाही, हे मेंबरांनाही कळतं. पण गुडघ्यांची देखभाल हा सरावाचाच भाग आहे, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. खेळायच्या आधी दहा मिनिटं अंग मोकळं करणारे मेंबर अजून फार थोडे आहेत, याची मला खरंच काळजी वाटते.

सकाळी सहाच्या आधी आमचं काम सुरू होतं. मातीच्या कोर्टवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा मारायच्या आणि शेवटी नेटची उंची बघायची. टेप नसला तरी चालतं. एक रॅकेट उभी धरायची, २७ इंच; तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवायचं, साधारण नऊ इंच. झाले तीन फूट. मध्यावर नेट तेवढंच हवं. खांबांपाशी ते साडेतीन फूट असतं. हा सहा इंचांचा फरक मी रोज हाताने मोजतो, म्हणून मला तो खेळातही दिसतो. सरळ रेषेत मारलेला चेंडू उंच बाजूवरून जातो आणि पुढे ७८ फुटांचं कोर्ट असतं. कोपऱ्यातून कोपऱ्यात मारलेला चेंडू बुटक्या भागावरून जातो आणि त्याला सुमारे साडेचार फूट जास्त जागा मिळते. शिवाय तिरका फटका मारल्यावर परत जागेवर यायला कमी पळावं लागतं, कारण समोरच्याच्या उत्तराचे कोन आपल्याच बाजूला झुकलेले असतात. तरीही मधला खेळाडू अडचणीत सापडला, तोल गेलेला असला, की नेमका सरळ रेषेचा फटका काढतो. तो कधीतरी बसतो, टाळ्या मिळतात आणि पुढचे कितीतरी पॉइंट त्या आठवणीपायी जातात. मॅडमना मी साधी शिस्त घालून दिली: पाय स्थिर नसतील तर तिरका आणि उंच, नेटवरून दीड-दोन रॅकेटच्या उंचीने. सरळ रेषा फक्त तोल असताना.

सायमन रामो या अमेरिकन अभियंत्याने सामान्य खेळाडूंच्या टेनिसवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं की व्यावसायिक खेळाडू सुमारे ८० टक्के पॉइंट जिंकून मिळवतात, आणि हौशी खेळाडूंच्या सामन्यात सुमारे ८० टक्के पॉइंट चुकांनी गमावले जातात. कोर्टच्या कडेला बसून मला जे दिसतं ते याहून फार वेगळं नाही. पण यातून काही लोक काढतात तो अर्थ मला मान्य नाही. ‘नुसता चेंडू आत ठेवा’ असं सांगितलं की माणूस ढकलायला लागतो. हात आखडतो, चेंडू सर्व्हिस लाइनवर पडतो, समोरचा पुढे येऊन मारतो, आणि मग हा आणखी घाबरतो. चूक कमी करायची तर रॅकेट पूर्ण फिरवून चेंडू उंचावरून न्यायला शिकलं पाहिजे. नेटवरून चार फूट उंच गेलेला, थोडी टॉपस्पिन असलेला चेंडू बेसलाइनजवळ पडतो आणि समोरच्याला मागे रेटतो. तो सुरक्षितही असतो आणि त्यात भीतीही नसते.

भीती सगळ्यात उघडी पडते दुसऱ्या सर्व्हिसवर. यावर मी इतर कशाहूनही जास्त वेळ घालवतो. क्लबातलं नेहमीचं चित्र असं: पहिली सर्व्हिस जिवाच्या आकांताने सपाट, ती दहातून सात वेळा नेटमध्ये, दुसरी कशीबशी पलीकडे टाकलेली. बालेवाडीत २०१९ चा एकेरीचा अंतिम सामना केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात झाला. तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले, इतकी दोघांची सर्व्हिस अभेद्य होती. दोघेही साडेसहा फुटांहून उंच. एवढ्या उंचीवरून चेंडू खाली रोखून मारता येतो. साडेपाच फुटांच्या माणसाने तसंच मारलं तर नेट आणि सर्व्हिस लाइन यांच्यामधून चेंडू जायला अगदी चिंचोळी फट उरते. आपल्याला चेंडू वर मारावा लागतो आणि त्याला खाली आणायचं काम फिरकीवर सोडावं लागतं.

त्यासाठी पकड बदलावी लागते आणि तिथेच माणसं माघार घेतात. फोरहँडच्या पकडीने सर्व्हिस केली की रॅकेटचा चेहरा सपाट येतो, फिरकी लागत नाही. हातोडी धरावी तशी कॉन्टिनेंटल पकड घेतली की सुरुवातीला चेंडू भलतीकडे जातात, डावीकडे कुंपणाला लागतात. मॅडमचेही गेले. मी त्यांना सर्व्हिस लाइनवर, नेटपासून २१ फुटांवर उभं केलं आणि तिथून गुडघे टेकून सर्व्हिस करायला लावलं. गुडघ्यांवर बसल्यावर नेट इतकं उंच दिसतं की चेंडू वर घासत न्यावाच लागतो. सपाट मारायची सोयच उरत नाही. तिथून जमलं की उभ्याने, मग हळूहळू मागे सरकत बेसलाइनला. टॉस डोक्याच्या वर, किंचित डावीकडे, आणि रॅकेटचा वेग पहिल्या सर्व्हिसइतकाच. हे शेवटचं पटायला सगळ्यांना वेळ लागतो. घाबरल्यावर हात मंद होतो, आणि हात मंद झाला की फिरकी जाते, मग चेंडू लांब पडतो. दुसऱ्या सर्व्हिसला हात मंदावून चालत नाही.

याच्या जोडीला मी मेंबरांना एकाच सर्व्हिसचा सेट खेळायला लावतो. पहिली चुकली की पॉइंट गेला. सुरुवातीला सगळे कुरकुरतात. पण दर पॉइंटला ‘ही आत गेलीच पाहिजे’ हा ताण सरावातच घेऊन झाला, की मॅचमध्ये तो अनोळखी राहत नाही. मॅडमच्या डबल फॉल्टचं प्रमाण उतरलं ते या सेटनंतर. नुसत्या बास्केटभर सर्व्हिस मारून ते उतरलं नव्हतं.

आमच्याकडे सकाळचा खेळ म्हणजे मुख्यतः डबल्स. डबल्समध्ये न मारलेल्या चेंडूंचं महत्त्व आणखी वाढतं. चौघांतले दोघे जण दर फटक्याला मोकळे असतात आणि त्या वेळी ते काय करतात यावर सेट ठरतो. नेटवरचा खेळाडू पुतळ्यासारखा उभा असेल तर समोरचा निवांत रिटर्न करतो. तोच दर सर्व्हिसला एखादं पाऊल इकडे-तिकडे सरकला, चेंडू अडवायला निघाला, तर समोरच्याची नजर चेंडूवरून उडते, आणि चेंडूला हातही न लावता पॉइंट मिळतो. दुसरी सवय म्हणजे सर्व्हिस लाइन आणि बेसलाइन यांच्यामधल्या १८ फुटांत रेंगाळणं. एक फटका मारायला तिथे जावं लागतं, पण नंतर पुढे जायचं किंवा मागे यायचं. तिथेच थांबलं की पुढचा चेंडू बुटांवर येतो आणि तो उचलणं भल्याभल्यांना जड जातं. आणि मधला चेंडू! दोघांच्या मधून गेलेल्या चेंडूवर आमच्या क्लबात जितक्या मैत्र्या ताणल्या गेल्या असतील तितक्या ब्रिजच्या टेबलावरही गेल्या नसतील. मी एवढंच सांगतो की खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा: मधला कुणाचा, लॉब कुणाचा. आणि पॉइंट चालू असताना मोठ्याने बोला. मुकी जोडी मधल्या पातळीवर फार हरते.

गटिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण कोपर धरून येणारे दर वर्षी भेटतात. एक मेंबर टीव्हीवरच्या खेळाडूंसारखी पॉलिएस्टरची ताठ गट ५८ पौंडांवर ओढून घ्यायचे आणि तुटेपर्यंत वापरायचे. ही गट तुटत नाही, पण लवचिकपणा कधीच संपलेला असतो आणि मग हिसका सगळा कोपरावर येतो. मल्टिफिलामेंट लावली, ताण ५० वर आणला. दुखणं कमी झालं, पण पूर्ण थांबलं ते चेंडू अंगापुढे घ्यायला लागल्यावर. उशिरा मारणाऱ्याचा कोपर कुठल्याच गटाने वाचत नाही.

पावसाळ्यात मातीची कोर्ट बंद होतात. जून लागला की मेंबर ‘आता दिवाळीच्या आसपास भेटू’ म्हणून जातात आणि परत आल्यावर पहिला महिना गंज काढण्यात जातो. ज्यांचा खेळ पुढे गेला त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती, ते पावसाळ्यात भिंतीवर आले. आमच्या क्लबात पत्र्याच्या छपराखाली सरावाची भिंत आहे. भिंत चेंडू लगेच परत देते आणि तक्रार ऐकून घेत नाही. जवळून खेळलं तर पाय हलवल्याशिवाय दुसरा चेंडूच मिळत नाही. मॅडम दवाखाना उघडायच्या आधी अर्धा तास यायच्या. कॉन्टिनेंटल पकडीत एक फोरहँड व्हॉली, एक बॅकहँड व्हॉली, पकड न बदलता, टप्पा न पडू देता. सुरुवातीला चार-पाच व्हायच्या. पाऊस संपेपर्यंत मोजणं सोडून दिलं. सर्व्हिसची पकड त्यांच्या हातात खरी बसली ती तिथे. कोर्ट उघडली तेव्हा नेटवर उभी राहणारी ही बाई कोण, असं त्यांच्याच चौकडीतल्यांना वाटलं.

राहिला पॉइंट संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंतचा वेळ. मधल्या खेळाडूचा तो सगळा मागच्या चुकीत जातो. रॅकेटकडे बघणं, हवेत तोच फटका पुन्हा मारून दाखवणं, जोडीदाराला सॉरी म्हणणं. रॉजर फेडरर यांनी जून २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात एक आकडा सांगितला होता. १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्यांनी जिंकले, पण एकूण पॉइंटांपैकी जिंकलेले फक्त ५४ टक्के. मी तो आकडा खडूने आमच्या स्टोअरच्या दारावर लिहून ठेवला आहे. मेंबर येता-जाता वाचतात. शंभरातले ४६ पॉइंट ज्याने गमावले तो जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला; मग सव्वासहाच्या डबल्समध्ये एक व्हॉली नेटमध्ये गेली म्हणून पुढचे तीन पॉइंट का द्यायचे? मॅडम आता पॉइंट संपला की बेसलाइनमागे जातात, गटाच्या तारा बोटांनी सरळ करतात आणि पुढची सर्व्हिस कुठे टाकायची एवढंच ठरवून परत येतात.

गेल्या हिवाळ्यातल्या क्लबच्या स्पर्धेत त्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. तिथे एका डावखुऱ्या खेळाडूकडून हरल्या. मी कोर्टच्या कडेला बसून बघत होतो. रॅलीत कुठेच कमी पडल्या नाहीत. ॲडव्हान्टेज कोर्टला डाव्या हाताची स्लाइस सर्व्हिस त्यांच्या बॅकहँडपासून बाहेर बाहेर वळत जायची आणि त्या तिच्यामागे आडव्या पळायच्या, म्हणजे चेंडू दूर जायचा तसं अंतर वाढतच जायचं. मॅच संपल्यावर पाणी पिता पिता पहिला प्रश्न आला, “दादा, ती सर्व्हिस तुम्हाला टाकता येईल का?”

डाव्या हाताने मला सर्व्हिस येत नाही. पण कोन तयार करता येतो. मी डबल्सच्या पट्ट्याजवळ, बेसलाइनच्या बराच आत उभा राहतो आणि तिथून चेंडू सर्व्हिस बॉक्सच्या बाहेरच्या रेषेवर काढतो. त्यांनी आडवं पळायचं नाही. ‘निघाला’ म्हणताच तिरकं पुढे यायचं, चेंडू वळून लांब जायच्या आत त्याला गाठायचं, रॅकेट मागे जवळजवळ न्यायचीच नाही आणि त्याच कोनाने परत लावायचा. आठवडाभर रोज हेच चाललं आहे. अजून दोनांतला एक सुटतो, पण पाऊल पुढे पडायला लागलं आहे. सोमवारपासून त्याच जागेवरून मधूनच एखादी अंगावर टाकणार आहे, म्हणजे बाहेरचीच येणार असं धरून त्यांना आधीच निघता येणार नाही.